वायर काढून बघा!

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा व्हायवा डोळ्यांसमोर आणा. लॅबमधला एसी त्या दिवशी चालू असतो (एरवी बंद!), एक्स्टर्नल सरांसमोर चहा-बिस्किटं मांडलेली असतात आणि ग्रुपमधला सगळ्यांत धीट मुलगा माऊस हातात घेऊन डेमो देत असतो. लॉगिन होतं, फॉर्म भरला जातो, 'सक्सेस' असा हिरवा शब्द येतो. सर विचारतात, "फ्युचर स्कोप काय?" आपण म्हणतो, "मोबाइल अ‍ॅप." झालं! सही, मार्क, फोटो.

या सगळ्यात एक गोष्ट कोणी करताना मी आजवर पाहिलेली नाही. ती म्हणजे सरांनी उठून लॅनची वायर काढणं आणि "आता चालवा" म्हणणं.

माझं म्हणणं एवढंच, की हे झालं पाहिजे आणि त्याला मार्क असले पाहिजेत. का, ते सांगतो. त्याआधी आमची एक फजिती सांगावी लागेल. फजिती म्हणतोय खरा, पण ती चूक होती, आणि तिची किंमत दुसऱ्यानेच मोजली.

मागच्या वर्षी मेस कमिटीच्या सांगण्यावरून आम्ही तिघांनी मेसच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. वही बंद, कुपनं बंद. मुलांनी आगाऊ पैसे भरायचे, ताट घेताना काउंटरवर रोल नंबर सांगायचा, तिथला जुना पीसी लॅबमधल्या सर्व्हरला निरोप धाडणार आणि खात्यातून ४५ रुपये वजा होणार. रविवारी फीस्ट असली तर १२०. प्रोग्रॅम पायथनमध्ये, 'रिक्वेस्ट्स' ही प्रसिद्ध ओपन सोर्स लायब्ररी वापरून. आणि आमच्याकडे टेस्टसुद्धा होत्या बरं का! चांगल्या २२ टेस्ट, सगळ्या हिरव्या. आम्ही तर स्वतःला इन्फोसिसवालेच समजत होतो.

एका फीस्टच्या रात्री मेसमध्ये तोबा गर्दी, आणि होस्टेलचं नेटवर्क नेहमीप्रमाणे आचके देत होतं. काउंटरच्या प्रोग्रॅमला पाच सेकंदांत उत्तर आलं नाही की तो तोच निरोप पुन्हा पाठवायचा, असं आणखी तीन वेळा. ही हुशारी माझी. तो फॉर लूप मी लिहिला होता आणि लिहून झाल्यावर "आता नेट गेलं तरी टेन्शन नाही" म्हणून टाळीही घेतली होती. त्या रात्री घडलं ते असं : निरोप सर्व्हरपर्यंत पोचत होता, पैसे वजा होत होते, फक्त उत्तर परत यायला उशीर होत होता. चार निरोप, चार वजाबाक्या. वर स्क्रीनवर पाटी, "नेटवर्क एरर, पुन्हा प्रयत्न करा." काउंटरवरच्या मुलाने इमानदारीत पुन्हा बटण दाबलं. आणखी चार. एका ताटाचे ९६० रुपये!

दुसऱ्या दिवशी बऱ्याच मुलांनी आरडाओरडा केला. त्यांचे पैसे आम्ही परत जमा केले. लॉग तेव्हाच सगळ्यांचा तपासायला हवा होता. आम्ही फक्त ओरडणाऱ्यांचा तपासला. पहिल्या वर्षाचा एक मुलगा मात्र काहीच बोलला नाही. महिना संपायला नऊ दिवस बाकी असताना त्याचं खातं शून्यावर आलं. त्याला वाटलं, आपलाच हिशेब चुकला. घरी पुन्हा पैसे कसे मागायचे, म्हणून तो दुपारी गेटबाहेर वडापाव खायचा आणि रात्री "भूक नाही" म्हणून झोपायचा. सहाव्या दिवशी त्याच्या रूममेटने आम्हाला सांगितलं. लॉग काढला तर त्याच्या रोल नंबरपुढे एका ताटाच्या आठ ओळी. आम्ही माफी मागायला त्याच्या रूमवर गेलो, तर तो म्हणाला, "दादा, कॉम्प्युटरने दाखवलं म्हणजे बरोबरच असेल असं मला वाटलं."

मित्रांनो, हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

त्यानंतर मी नेटवर्क कसं कसं तुटतं आणि ओपन सोर्सवाले लोक त्याची टेस्ट कशी घेतात, हे वाचायला बसलो. पहिली गोष्ट कळली ती ही, की आपण 'नेट गेलं' हे एकच वाक्य ज्याला वापरतो, त्या निदान पाच वेगवेगळ्या घटना आहेत.

पहिली, साफ नकार. समोरचं मशीन चालू आहे, पण त्या पोर्टवर कोणी बसलेलं नाही. दार वाजवलं आणि आतून "इथे कोणी राहत नाही" असं उत्तर आलं. कनेक्शन रिफ्यूज्ड. हा सगळ्यांत सज्जन प्रकार, कारण लगेच कळतं.

दुसरी, शांतता. दार वाजवलं आणि काहीच ऐकू येत नाही. मध्ये फायरवॉलने पाकीट गिळलं किंवा वायर निघाली. लिनक्स अशा वेळी पहिला नमस्कार पुन्हा पुन्हा पाठवून बघतो, मधलं अंतर वाढवत वाढवत. कोणी मर्यादा घालून दिली नसेल तर हार मानायला त्याला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. मेसच्या रांगेत दोन मिनिटं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

तिसरी, अर्ध्यावर सोडून जाणं. कनेक्शन जुळलं, निरोप गेला, आणि मग गप्प. हा सगळ्यांत वाईट. आपण नुसते उत्तराची वाट बघत बसलो असू, तर टीसीपी आपणहून कधीच तक्रार करत नाही, तो अनंत काळ बसू शकतो. कीप-अलाइव्ह नावाची सोय आहे, पण ती चालू केली तरी लिनक्समध्ये पहिली चौकशी दोन तासांनी होते. रिक्वेस्ट्स लायब्ररी तर, तुम्ही सांगितलं नाही, तर वेळेची मर्यादा घालतच नाही. कर्लमध्ये कनेक्शन जुळायला पाच मिनिटांची मर्यादा आहे, पण एकूण कामाला न सांगता काहीच नाही.

चौथी, नावच सापडत नाही. डीएनएस बंद. समोरचा सर्व्हर ठणठणीत आहे, पण पत्ता सांगणारा गायब.

आणि पाचवी आपल्या ओळखीची : वायफायचं लॉगिन पेज. मुदत संपली की कुठलंही साधं पान मागा, समोर लॉगिनचं पान येतं, आणि येताना '२००, सगळं ठीक' असा कोड घेऊन येतं. आमचा प्रोग्रॅम फक्त तो कोड बघत होता! म्हणजे काउंटरच्या पीसीचं लॉगिन संपलं असतं तर ताट गेलं असतं, पैसे वजा झाले नसते आणि स्क्रीनवर हिरवं 'सक्सेस'. आधी मुलं बुडाली, मग मेसवाले काका बुडाले असते.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९९४ च्या सुमारास पीटर डॉइश यांनी नेटवर्कवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या गैरसमजांची एक यादी केली होती. तिच्यातला पहिलाच गैरसमज आहे, 'नेटवर्क भरवशाचं असतं'. होस्टेलमध्ये राहून आम्ही तो गैरसमज बाळगला, ही खरी कमाल!

आता टेस्टकडे येऊ. आमची पहिली कल्पना अशी की एखादं नसलेलं नाव द्यायचं आणि एरर येते का ते बघायचं. सोपं वाटतं, पण यातही खड्डे आहेत. सप्टेंबर २००३ मध्ये व्हेरिसाइन या कंपनीने अचानक ठरवलं, की डॉट कॉम आणि डॉट नेटमधलं कुठलंही न नोंदवलेलं नाव विचारलं, तरी 'नाही' न म्हणता आपल्या साइट फाइंडर पानाचा पत्ता द्यायचा. 'नाव सापडत नाही' या उत्तरावर विसंबलेल्या प्रोग्रॅमना एका दिवसात सगळी नावं सापडायला लागली! बराच ओरडा झाला आणि तीन आठवड्यांच्या आत ती सोय बंद करावी लागली. म्हणूनच टेस्टमध्ये मनाने बनवलेलं डॉट कॉम वापरू नये. 'डॉट इनव्हॅलिड' हा शेवट १९९९ पासून यासाठीच राखून ठेवलेला आहे.

'शांतता' तपासायलाही एक पत्ता लोकप्रिय आहे : १०.२५५.२५५.१. तिथे सहसा कोणी नसतं, म्हणून दार वाजवत बसायला बरा. पण हा पत्ता खाजगी नेटवर्कच्या रेंजमधला आहे. कॉलेजचं नेटवर्क दहाने सुरू होत असेल, तर उद्या तिथे एखादा प्रिंटरही बसू शकतो. म्हणजे टेस्टचा निकाल आपल्या कोडवर अवलंबून न राहता आपण कुठल्या बिल्डिंगमध्ये बसलोय त्यावर ठरणार. याला टेस्ट म्हणत नाहीत, याला लॉटरी म्हणतात.

मग जाणते लोक काय करतात? ते बिघाड स्वतः तयार करतात. रिक्वेस्ट्सच्या पोटात यूआरएल-लिब-३ नावाची दुसरी ओपन सोर्स लायब्ररी काम करते, २००८ पासूनची. तिच्या टेस्ट उघडून बघा, नेटवर सगळ्यांना खुल्या आहेत. प्रत्येक टेस्टपुरता एक छोटा खोटा सर्व्हर आपल्याच मशीनवर उभा राहतो. त्याला सॉकेटच्या पातळीवर सांगता येतं, की कनेक्शन घे, निरोप वाच आणि उत्तर न देता दार लाव. किंवा अर्धं उत्तर दे आणि पळ. किंवा नुसता बसून राहा. खरं नेटवर्क लागणाऱ्या थोड्या टेस्ट आहेत, त्यांच्यावर तशी खूण आहे, आणि नेटवर्क नसेल तर त्या वगळल्या जातात. वगळल्या असं स्पष्ट दिसतं, हिरव्या म्हणून मिरवत नाहीत.

कर्लवाले तर आणखी एक पाऊल पुढे. डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये कर्ल या नावाने पहिली आवृत्ती काढली. आज त्याच्या दीड हजारांहून जास्त टेस्ट आहेत, आणि त्या चालवायचा एक प्रकार आहे, ज्याचं नावच 'टॉर्चर' आहे. आधी टेस्ट एकदा सरळ चालवायची आणि मेमरी मागणं, सॉकेट उघडणं अशा, फसू शकणाऱ्या किती जागा आल्या ते मोजायचं. समजा शंभर आल्या. मग तीच टेस्ट शंभर वेळा चालवायची. पहिल्या वेळी पहिली जागा मुद्दाम फसवायची, दुसऱ्या वेळी दुसरी, असं शेवटपर्यंत. दर वेळी बघायचं, की प्रोग्रॅम कोसळत नाही ना, मेमरी सांडत नाही ना. आपल्या व्हायवात एका मुलाला असे शंभर प्रश्न विचारले तर तो गावाला निघून जाईल.

हे सगळं आपल्याला परवडणारं नाही असं वाटत असेल, तर साध्या गोष्टी आहेत. लिनक्सवर टीसी कमांडमध्ये नेटएम वापरून शंभरातली दहा पाकिटं हरवायला सांगता येतं. आयपीटेबल्समध्ये 'रिजेक्ट' लिहिलं तर साफ नकार मिळतो, 'ड्रॉप' लिहिलं तर शांतता. शॉपिफायने ओपन सोर्स केलेला टॉक्सिप्रॉक्सी मध्ये बसवला, तर हवं तेव्हा उशीर, हवं तेव्हा तोडणं. पैसा एक लागत नाही.

आम्ही मात्र वीसेक ओळींचा खोटा सर्व्हरच लिहिला. कनेक्शन घे, निरोप वाच, खात्यातून पैसे वजा कर, आणि उत्तर न देता दार लाव. पहिल्याच फटक्यात टेस्ट लाल! १२० च्या जागी ४८० वजा. जो दोष शोधायला एका मुलाला सहा दिवस उपाशी राहावं लागलं, तो २० ओळींनी काही सेकंदांत दाखवला.

दुरुस्ती करताना कळलं, की शहाणपण लायब्ररीत आधीच होतं. यूआरएल-लिब-३ ला पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं, तर ती दोन बिघाडांत फरक करते. कनेक्शन जुळलंच नसेल, तर निरोप गेलेलाच नाही, पुन्हा पाठवायला हरकत नाही. पण निरोप गेल्यावर उत्तर आलं नाही, तर ती 'पोस्ट' प्रकारचा निरोप न विचारता पुन्हा पाठवत नाही. कारण पोचला की नाही, हे पाठवणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. गावाकडे पैसे कोणाच्या तरी हाती पाठवले आणि "मिळाले" असा फोन आला नाही, तर आपण लगेच दुसऱ्यांदा पाठवतो का? आधी चौकशी करतो. मी वरून फॉर लूप लावून ती चौकशीच मोडीत काढली होती. आता प्रत्येक ताटाला काउंटरवर एक पावती नंबर तयार होतो. तोच निरोप दहा वेळा आला तरी नंबर तोच, म्हणून सर्व्हर एकदाच पैसे वजा करतो आणि बाकी नऊ वेळा जुनं उत्तर परत देतो. आणि उत्तरात तो पावती नंबर परत आला, तरच काउंटर 'सक्सेस' म्हणतो, म्हणजे लॉगिनच्या पानालाही तो फसत नाही.

आता कोणी म्हणेल, तुम्ही कच्चे, मोठ्या लोकांकडून असं होत नाही. होतं! टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये कॅसांड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच नामांकित ओपन सोर्स सिस्टिम्समधले १९८ बिघाड तपासले. त्यांतले जे सगळी सिस्टिम आडवी करणारे होते, त्यांपैकी ९२ टक्के एका साध्या कारणाने झाले होते. एरर आली होती, प्रोग्रॅमने ती पकडलीही होती, पण पुढे तिचं काय करायचं ते चुकीचं लिहिलं होतं. काही ठिकाणी तर एरर हाताळायच्या जागी फक्त 'नंतर करू' अशी नोंद! आपल्या जर्नलसारखंच की हो.

यावर दोन आक्षेप मी ऐकलेत. एक, "वेळ कुठे आहे?" प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये आपण जुन्या बॅचच्या रिपोर्टमधून उचललेली कितीतरी पानं घालतो, त्याला वेळ मिळतो. वीस ओळींना मिळेल. दुसरा आक्षेप जरा खरा आहे : "अशा टेस्ट कधी पास होतात, कधी नापास, भरवसा नाही." हे वेळेवर विसंबणाऱ्या टेस्टच्या बाबतीत होतं. लॅबचं मशीन हळू चाललं, की दहा मिलिसेकंदांचा हिशेब चुकतो. पण त्यावर उपाय, सर्व्हरलाच आपल्या हातात घेणं. 'दोन सेकंद थांब' असं न म्हणता 'मी सांगेपर्यंत थांब' म्हणायचं. भरवसा नाही म्हणून टेस्टच नको, हे म्हणजे परीक्षेत घाम फुटतो म्हणून परीक्षाच रद्द करा असं झालं. (ती मागणी वेगळी, तिला माझा पाठिंबा आहे.)

तेव्हा सरांना आणि मॅडमना माझी नम्र विनंती : यंदा प्रोजेक्टच्या मार्कांतले दहा मार्क बिघाडाला ठेवा. व्हायवात एकदा वायर काढा, एकदा सर्व्हर मध्येच बंद करा, एकदा वायफायचं लॉगिन संपू द्या. प्रोग्रॅम बंद पडला तरी चालेल, पण त्याने खोटं बोलू नये. "झालं की नाही ते मला माहीत नाही" असं कबूल करणाऱ्या प्रोग्रॅमला पूर्ण मार्क द्या. आणि नेटवर्क्सच्या प्रॅक्टिकलमध्ये सॉकेट उघडून 'हॅलो' पाठवण्याचा जो प्रयोग वर्षानुवर्षं चाललाय, त्यात एक ओळ वाढवा : समोरच्याने मध्येच दार लावलं तर काय?

आणि मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. ज्या लायब्ररी आपण फुकट वापरतो, त्यांचा टेस्टचा फोल्डर एकदा उघडून वाचा. ओपन सोर्समध्ये योगदान द्यायचं म्हणून लोक रीडमीतली स्पेलिंग दुरुस्त करत बसतात. त्यापेक्षा ज्या बिघाडाची टेस्ट नाही, तो शोधा आणि टेस्ट पाठवा. त्यासाठी आपल्याइतकं अनुभवी कोणी नाही. अहो, पावसाळ्यात रोज संध्याकाळी नेट जाणारं होस्टेल आहे आपलं, यापेक्षा चांगली लॅब कुठे मिळणार?

जाता जाता... तो पहिल्या वर्षाचा मुलगा यंदा मेस कमिटीवर आहे. त्याचे ८४० रुपये त्याच दिवशी जमा केले होते, पण सहा दिवसांची ताटं काही जमा करता येत नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, रांग लागायच्या आधी, तो स्वतः काउंटरमागे जाऊन वायर काढतो आणि आम्हाला हाक मारतो, "दादा, बघा आता." आम्ही बघतो. आजवर दोनदा काहीतरी सापडलंय.